शाळेने बोलावले आहे? शाल ठेवायला जागा करा

आपण चित्रकार, शिल्पकार किंवा नाट्यशिक्षक असाल, कोणत्याही पगारपत्रकावर आपले नाव नसेल आणि जळगाव, धुळे वा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी आपल्याला फोन केला असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. मी गेली १५ वर्षे असे फोन घेत आलो आहे आणि माझ्या कपाटात आज ११ शाली आहेत. तेव्हा मार्गदर्शन करण्याचा अधिकार मला आपोआप प्राप्त झाला आहे, असे मी समजतो.

पहिली गोष्ट म्हणजे पैशाचा विषय काढू नये. मुख्याध्यापक स्वतःच "मानधनाचं आपण बघू" असे म्हणतील. या वाक्यातील ‘आपण’मध्ये आपणही येता, म्हणजे बघण्याचे काम आपल्यालाही करायचे आहे आणि पुढले सहा महिने आपण ते करणारच आहात. मुले किती, तास किती, रंग कोणी आणायचे, कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाला तर काय, हे सारे एका साध्या पत्रात मावते. परंतु असे पत्र पाठवणारा कलावंत व्यवहारी ठरतो आणि मग त्याच्या कलेविषयीच शंका घेतली जाते. रावेर-यावलकडे केळीचा भाव घड कापण्याआधी ठरतो हे खरे, पण तो व्यापार झाला; आपण सेवा करतो. त्याच कारणाने छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीच्या भानगडीत पडू नये. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी असलेल्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत चुकते करावेत, असे सूक्ष्म-लघु उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो. एवढ्या घाईने पैसे हातात आले तर पुढच्या फोनची गोडी काय राहिली?

आता भिंतीकडे येऊ, कारण खानदेशात कलावंत शाळेत शिरतो तो बहुधा भिंतीतूनच. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते, म्हणून भिंतीची आठवण जूनच्या पहिल्या आठवड्यात होते. भिंत हटकून पश्चिमेची असते. एप्रिल-मे महिन्यांत ४४-४५ अंशांत तापलेली ही भिंत दुपारी तीननंतर तव्यासारखी होते. तिच्यावर ॲक्रिलिकचा हात फिरवला की रंग ब्रशवरच सुकू लागतो. पहाटे पाचला काम सुरू करावे असे अनुभवी पेंटर सांगतात, पण गेटची किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई दहाला येतो. भिंत पाहताना तिला लोणा लागला आहे का, याची चौकशी करू नये. खालच्या दोन फुटांत पांढरी भुकटी सुटली असेल तर ती हाताने झटकावी आणि थेट रंगवायला घ्यावे. भिंत खरवडणे, ओल कोठून येते ते शोधणे, प्रायमर देऊन तो वाळू देणे यांत चार दिवस जातात आणि त्या चार दिवसांत ‘अजून काहीच दिसत नाही’ असे संस्थेचे सचिव रोज येऊन सांगतात. नव्या प्लास्टरला महिनाभर सुकू द्यावे लागते, हे त्यांना सांगून पाहिलेला एक मित्र मला ठाऊक आहे. ती भिंत दुसऱ्याने रंगवली.

चित्र पूर्ण झाल्यावर कोपऱ्यात आपले नाव घालण्याचा आग्रह धरू नये. तेथे देणगीदारांची यादी यायची असते. आपण भिंतच विकत दिल्यासारखे मुकाट्याने निघून यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम कलाकाराला आपले नाव मागण्याचा आणि कृतीची नासधूस झाल्यास दाद मागण्याचा अधिकार देते, ही माहिती मनातच ठेवावी. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न कळवता उतरवले गेले, ते न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष परत करण्याचा व ५ लाख रुपये भरपाईचा आदेश सरकारला दिला. आपल्या भिंतीवर दोन वर्षांनी ‘प्रवेश सुरू’ लिहिले जाईल तेव्हा हे प्रकरण आठवू नये, झोप लागत नाही.

विषय शाळाच देते. तो वारली असतो. वारली चित्रकला पालघरकडची; नंदुरबारच्या सातपुड्यातील पावरा-भिलांची मुले समोर बसलेली असतात, होळीला त्यांचे वडील-काका अंगभर ठिपके रंगवून मोरपिसांचे टोप घालून रात्रभर नाचतात, आणि त्या मुलांना आपण दोन त्रिकोण जोडून माणूस कसा काढायचा ते शिकवायचे असते. मुलांना काही विचारू नये, कारण त्यांना माहिती असते. तापीकाठच्या एका शाळेत मी मोठ्या हौसेने केळीचा घड रंगवला, सगळी केळी बाजारात दोरीला टांगलेली दिसावीत तशी खाली झुकलेली. पाचवीतला एक मुलगा बराच वेळ मागे उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, केया खाले नही, वर पाहतस." केळफूल खाली लोंबते आणि केळी वर वळतात, हे त्याने बोट वाकवून दाखवले. मी त्याला शाबासकी दिली आणि शिडी पुन्हा लावली. वेळेचे एवढे नुकसान टाळायचे असेल तर मुलांना भिंतीपासून दूर ठेवावे.

कार्यशाळा ४० मुलांची ठरते आणि मैदानावर ३०० बसतात. ब्रश मात्र ४० च असतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्यांचे स्मरणचित्रही त्याच दोन तासांत ‘करून घ्या’ असे सांगितले जाते. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून, एरवी कोणाची काही तक्रार नसते.

वर्गशिक्षक "तुम्ही आहात ना?" असे म्हणून निघून जातील. त्यांना अडवू नये. कोणीतरी शिक्षक पूर्ण वेळ वर्गात हवा, अशी अट घालणारा कलावंत संशयी दिसतो. मुलांचे चेहरे स्पष्ट दिसतील असे फोटो पालकांना न विचारता स्टेटसला टाकावेत, त्याने पुढची कामे मिळतात. एखाद्या मुलीने चित्रात किंवा बोलण्यात काही भलतेच सांगितले, तर ‘आपण बाहेरचे’ म्हणून विसरून जावे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ही माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे आणि ‘प्रत्येक’ या शब्दात बाहेरचा चित्रकारही येतो, पण शाळेच्या नावाचा प्रश्न असतो. १०९८ हा चाइल्डलाइनचा मदत क्रमांक मुलांना पाठ असतो, आपण तो कशाला लक्षात ठेवायचा?

चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याची अनेक दशके घराबाहेर जवळजवळ पाऊलच टाकले नाही. लोक त्याच्या निरनिराळ्या कथा सांगतात. मला मात्र शाळांची निमंत्रणे टाळण्याचा त्याहून खात्रीचा उपाय अद्याप सापडलेला नाही.

परवा केळीच्याच शाळेतून फोन आला. मागच्या मानधनाचे विचारावे म्हणून मी घसा साफ केला, तोच पलीकडून आवाज आला, "सर, जिन्याजवळची भिंत रिकामी आहे. तुम्ही आपलेच आहात." मी होकार दिला आहे. उद्या भिंत पाहायला जातो. पश्चिमेचीच असावी.