आयव्हरमेक्टिन मुद्दाम दाबलं का? एका कमेंटला उत्तर

तुमची कमेंट दोनदा वाचली. घरातल्या सगळ्यांना कोविड झाला, सगळ्यांनी आयव्हरमेक्टिन (जंतांवरचं औषध) घेतलं, आठवड्यात सगळे ठणठणीत, तरी मी ते कोविडवर चालत नाही म्हणतो म्हणजे मी फार्मा कंपन्यांचा माणूस, स्वस्त औषध त्यांना परवडत नाही म्हणून दाबलं, असं तुमचं म्हणणं.

घरचे बरे झाले याचा आनंदच आहे हो, पण कोविड झालेले बहुतेक जण काहीही न घेताही बरे होतात, त्यामुळे गोळी घेतली आणि बरं वाटलं एवढ्यावरून गोळीचं श्रेय ठरत नाही, न घेतलेल्यांशी तुलना करावीच लागते. आणि स्वस्ताचंच म्हणाल तर डेक्सामेथासोन बघा ना! जुनं स्टिरॉइड, पेटंट कधीच संपलेलं. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या ट्रायलने (पेशंटवर केलेल्या औषधाच्या चाचणीने) दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये नेहमीच्या उपचारांवर 41 टक्के दगावले, हे दिलेल्यांमध्ये 29 टक्के. लगेच जगभर वापरायला लागले, कुणी दाबलं नाही. (ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा झाला नाही, म्हणून घरी आपल्या मनाने स्टिरॉइड सुरू करू नका प्लीज.)

आता आयव्हरमेक्टिन. औषध उत्तमच आहे, त्याच्या शोधाला 2015 चं नोबेल मिळालंय, पण ते परजीवींवरच्या कामासाठी. 2020 मध्ये लॅबमधल्या पेशींवर त्याने कोविडचा व्हायरस रोखला खरा, पण तेवढं प्रमाण रक्तात नेहमीच्या डोसने येतच नाही. मग इजिप्तमधल्या एका अभ्यासाने मोठा फायदा दाखवला, तो डेटामधल्या गडबडीमुळे 2021 मध्ये मागे घेतला गेला, आणि 2022 मध्ये ब्राझीलच्या टुगेदर ट्रायलमध्ये 1,358 पेशंटमध्ये हॉस्पिटलात जावं लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

तरी काही देशांतल्या ट्रायल्समध्ये फायदा दिसला तो का, हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा होता, कारण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत असतो, माणसात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. अशा माणसाला कोविडसाठी स्टिरॉइड दिलं की प्रतिकारशक्ती दबते आणि तो जंत अंगभर पसरून जीवही घेऊ शकतो. आयव्हरमेक्टिन त्याच जंताला मारतं. 2022 मध्ये ट्रायल्सची एकत्र तुलना केली तेव्हा मृत्यू कमी झालेले दिसले ते हा जंत जास्त असलेल्या भागांतच, बाकी ठिकाणी नाही. म्हणजे तिथे या गोळीने काही जीव वाचवलेही असतील, पण कोविडपासून नाही, जंतापासून.