थॉमस बांगाल्टरला म्युझिक येत नाही म्हणे

एक दावा सध्या जिकडेतिकडे फिरतोय आणि लोक डोळे मिटून पुढे ढकलतायत. थोडक्यात असा: डाफ्ट पंक या २०२१ मध्ये फुटलेल्या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या जोडीतला थॉमस बांगाल्टर म्हणजे बापाच्या जिवावर पुढे आलेला, दुसऱ्यांच्या रेकॉर्ड कापून लूप लावणारा, म्हणजे तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजवणारा माणूस, त्याला म्युझिक लिहिता येत नाही, ‘ट्रॉन: लेगसी’ या पिक्चरचा स्कोअर, म्हणजे पार्श्वसंगीत, लिहिला भलत्यानेच आणि नाव लागलं यांचं, आणि हाऊसवाले (हाऊस म्हणजे क्लबमध्ये वाजणारा डान्स म्युझिकचा एक प्रकार) सगळे असेच, पिक्चरमध्ये पैसा दिसला की घुसतात. एका दमात एवढा माल! बरं, एकेक बघू.

आधी लूपचं. १९९८ चं स्टारडस्टचं ‘म्युझिक साउंड्स बेटर विथ यू’ घ्या, बांगाल्टर, अ‍ॅलन ब्रॅक्स आणि गायला बेंजामिन डायमंड. त्यातला गिटारचा तुकडा चाका खानच्या १९८१ च्या ‘फेट’मधला आहे, ही काही कुणी पकडलेली चोरी नाही, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. पण मूळ गाणं लावून बघा, तो तुकडा येतो आणि जातो, गाणं संपल्यावर तुमच्या लक्षातही राहत नाही. या तिघांनी त्यावर अख्खं गाणं उभं केलं. फिल्टर बंद ठेवायचा म्हणजे वरचे सगळे सूर कापले जातात आणि आवाज बंद दाराआडून आल्यासारखा येतो, मग तो हळूहळू उघडत न्यायचा, किती वेळ लोकांना तंगवायचं, किक, म्हणजे ड्रमचा खालचा ठोका, नेमकी कुठे काढून घ्यायची आणि परत कधी द्यायची, हे सगळं कुणीतरी कान लावून ठरवलेलं असतं. त्याला कंपोझिंग म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? तुकडा तर सगळ्यांच्याच हाताशी होता की राव, सतरा वर्षं.

तसंच डाफ्ट पंकच्या ‘अराउंड द वर्ल्ड’चं. तेच तीन शब्द शंभरावर वेळा येतात, त्यावरून चेष्टा करणं सोपं आहे. मिशेल गाँड्रीने केलेला त्याचा व्हिडिओ मात्र नीट बघा. त्यात प्रत्येक वाद्याला नाचणाऱ्यांचा एकेक गट दिलाय, बेसला उंच खेळाडू, गिटारला सांगाडे, ड्रम मशीनला ममी, त्या गाणाऱ्या मशिनी आवाजाला रोबो. बेसची ओळ वर चढली की खेळाडू पायऱ्या चढतात, खाली आली की उतरतात. आवाज बंद करून बघितलात तरी कोण कधी येतं, कोण कुणाला जागा देतं हे दिसतं. शब्द तेच राहतात, बाकी सगळं हलत असतं.

आता बापाचं, कारण यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायला काही हरकत नाही. वडील डॅनियल व्हॅन्गार्ड डिस्कोच्या काळातले नावाजलेले गीतकार-प्रोड्युसर, ओटावानचं ‘डी.आय.एस.सी.ओ.’ त्यांचंच. मुलाला धंद्याची अक्कल घरातच मिळाली, काँट्रॅक्ट कसं करायचं, हक्क कसे हातात ठेवायचे, हा फायदा मोठाच आहे. पण म्हणून आयत्या बिळावर नागोबा? १९९७ चा डाफ्ट पंकचा पहिला अल्बम ‘होमवर्क’ झाला घरातल्या खोलीत, नाव उगाच नाही पडलं, आणि त्यातला साउंड वडिलांच्या डिस्कोपेक्षा शिकागोच्या हाऊसच्या जास्त जवळचा आहे, म्हणजे फ्रँकी नकल्स, लॅरी हर्ड वगैरे मंडळी, रोलँड कंपनीच्या ज्या ड्रम-बेसच्या मशिनी बाजारात चालल्या नाहीत त्या घेऊन ज्यांनी हे सगळं सुरू केलं. ‘टीचर्स’ नावाच्या ट्रॅकमध्ये तर हे दोघं आपल्या गुरूंची नावंच एकापाठोपाठ घेत सुटतात. उधारी लपवणारा माणूस असं करत नाही.

पैसा दिसला की घुसतात, यावर फार वेळ घालवत नाही. बांगाल्टरने पहिला पिक्चर केला तो दिग्दर्शक गॅस्पर नोएचा ‘इरिव्हर्सिबल’, २००२ मध्ये. तो ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा, पैशासाठी कुणी असलं काम धरतं का. सुरुवातीच्या भागात खालच्या पट्टीतली अशी घरघर आहे की कानापेक्षा पोटात जास्त कळते, माणूस अस्वस्थ व्हावा म्हणूनच घातलेली. डिस्नेचा ‘ट्रॉन’ त्यानंतर आठ वर्षांनी. आणि डान्स म्युझिकवाले पिक्चरमध्ये येणं काही नवीन नाही, जॉर्जियो मोरोडरने ‘मिडनाइट एक्स्प्रेस’साठी १९७९ मध्ये ऑस्कर उचललंय, बेलफास्टचा डीजे डेव्हिड होम्स १९९८ मध्ये ‘आउट ऑफ साइट’ करत होता.

राहिला मुख्य मुद्दा, स्कोअर दुसऱ्याने लिहिला हा. तो ‘दुसरा’ म्हणजे जोसेफ ट्रापानीज, ऑर्केस्ट्रेटर, आणि त्याचं नाव उघड श्रेयनामावलीत आहे, कुणी तळघरात कोंडून ठेवलेलं नाही. ऑर्केस्ट्रेटर काय करतो ते आधी समजून घ्या. चाल, कॉर्ड, कुठे चढायचं कुठे थांबायचं हे संगीतकार देतो, मग यातली ओळ चेलोला की हॉर्नला, ऐंशी-पंचाऐंशी जणांसमोर कागदावर नेमकं काय ठेवायचं, हे ऑर्केस्ट्रेटर बघतो. हॉलिवूडमध्ये ही रोजची पद्धत आहे. जॉन विल्यम्सच्या ‘स्टार वॉर्स’वर हर्बर्ट स्पेन्सरने ऑर्केस्ट्रेशन केलंय. आपल्याकडे शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा होते, म्हणून शंकर-जयकिशनने काही केलंच नाही असं कुणी म्हणतं का? आणि ‘ट्रॉन’ दोघांचा आहे हेही लोक विसरतात, डाफ्ट पंकमधला दुसरा, गी-मान्युएल, बिचारा या भांडणात कुठेच नसतो.

खरी अडचण वेगळीच असते. हाऊसमध्ये आठ-सोळा बारचा (तालाच्या ठरावीक मापांचा) हिशोब, बदल कधी येणार हे नाचणाऱ्यालाही माहीत असतं. पिक्चरमध्ये कट बार संपायची वाट बघत नाही, एडिटरने सीनमधली दोन सेकंदं उडवली की तुमचा चढाव मधेच लोंबकळतो, परत बसा. ‘ट्रॉन’मध्ये ते कधीकधी जाणवतंसुद्धा, काही जागा मला सरळ त्या काळच्या ब्लॉकबस्टरछाप वाटतात, जड ब्रास आणि खाली चेलोंची खरखर. टीका करायची तर तिथे करा ना, ऐकून करा. पण सिंथचा बास आणि ऑर्केस्ट्रातले डबल बेस जिथे एकाच ओळीवर येतात, तिथे कुठलं कुठे संपतं ते सांगता येत नाही, आणि हे जमायला दोन्हीकडचा कान लागतो.

तरीही ‘लिहिता येत नाही’वर अडून बसायचं असेल तर बांगाल्टरचं ‘मिथोलॉजीज’ लावा. जुलै २०२२, बोर्दो, नृत्यदिग्दर्शक आंजलँ प्रेल्जोकाजचा बॅले, दीड तासाच्या आसपास संगीत, त्यात एकही इलेक्ट्रॉनिक वाद्य नाही, पुढच्या वर्षी अल्बमही आला. ऑर्केस्ट्रेशन बांगाल्टरने स्वतः केलंय. ट्रापानीज तिथे नव्हता.