‘आठ दिवसांत बाथरूम’ का होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला साधारण असा: ‘सहा बाय चार फुटांचं बाथरूम म्हणजे आठ दिवसांचं काम. मिस्त्री मुद्दाम लांबवतात. मजूर वाढवायला लावा, उशिराला दंड लिहून घ्या आणि सामान लागेल तसं आणा.’

आधी ते आठ दिवस मोजू. तोडफोड आणि राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, उतरवणं २ दिवस, प्लंबिंग २, रफ प्लास्टर १, वॉटरप्रूफिंगचे दोन हात २, कोबा (टाइल्सखालचा सिमेंटचा थर) १, टाइल्स ४, ग्राउट (टाइल्सच्या फटी भरणं) आणि फिटिंग २. नुसते हात चालण्याचेच १४ दिवस झाले. राबिटाच्या ४०-५० गोण्या सहज निघतात आणि त्या लिफ्टने न्यायला बऱ्याच सोसायट्या नाही म्हणतात. आवाजाचं काम दुपारी बंद, रविवारी बंद, हे वेगळंच.

‘मजूर वाढवा.’ चोवीस चौरस फुटांत एक गवंडी आणि एक बिगारी उभे राहिले की तिसऱ्याला पाय ठेवायला जागा नाही. आणि खरा वेळ जातो तो कुणी काम करत नसताना. प्लास्टर आणि कोब्यावर किमान सात-सात दिवस पाणी मारायचं असतं. दुकानातली गोणी बहुधा पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची असते, आणि आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ओपीसीला, म्हणजे साध्या सिमेंटला, किमान ७, तर अशा मिश्र सिमेंटला १० दिवस ओलावा ठेवायला सांगितलं आहे. वॉटरप्रूफिंग सुकलं की नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करायची आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहायचं. खालचे गावाला गेले असतील तर थांबायचं. काही दिवस एकमेकांत बसतात, तरी एकूण चार आठवडे धरा. यातलं पाणी मारणं आणि पाणी भरणंच घाईत पहिल्यांदा कापलं जातं. मग कोबा पोकळ वाजतो आणि वर्षभरात खालच्यांच्या छताला ओल येते.

‘मिस्त्री मुद्दाम लांबवतात.’ हे अर्धं खरं आहे. या थांबण्याच्या दिवसांत तो दुसरीकडे काम धरतो. धरणारच, रोजंदारी कोण बुडवील? अडचण ही की त्याची परत येण्याची तारीख ठरलेली नसते. कोबा टाकला त्याच दिवशी टाइल्सची तारीख लिहून घ्या.

‘सामान लागेल तसं आणा’ हा सर्वांत महागात पडणारा सल्ला. भिंतीतला डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह, प्लास्टरआधी हातात हवा. त्याची खोली प्लास्टर अधिक टाइल या जाडीशी जुळवावी लागते, नाहीतर वरची प्लेट बसत नाही. कमोडचं मॉडेलही आधी ठरवा: एस-ट्रॅपला (पाइप जमिनीत जातो) भिंतीपासूनचं अंतर लागतं, पी-ट्रॅपला (पाइप भिंतीत जातो) जमिनीपासूनची उंची. मॉडेल बदललं की ड्रेनेजची लाइन पुन्हा फोडायची.

टाइल्सचा हिशेब असा: चार भिंती मिळून २० फूट, उंची ७ फूट, म्हणजे १४० चौरस फूट. दार वजा केलं की सुमारे १२२, त्यात तुटफूट १० टक्के, म्हणजे १३४. ३०० बाय ६०० मिमीच्या पाच टाइल्सचा बॉक्स साधारण ९.७ चौरस फुटांचा, तेव्हा १४ बॉक्स. १२ आणले आणि दोन नंतर मागवले, तर मोरबीहून आलेला नवा लॉट वेगळ्या शेडचा निघू शकतो. खोकी गाडीतून उतरवताना त्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकदाच जुळवून पाहायचा असतो.

उरला दंड. तो लिहिला की मिस्त्री सर्वांत आधी पाणी भरायचे ४८ तासच वाचवतो, कारण ते कुणाला दिसत नाहीत. त्यापेक्षा पैशांचे हप्ते चाचणीला बांधा: एक हप्ता पाइपांना हातपंपाने दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरत नाही हे पाहिल्यावर, दुसरा पाणी भरून खालचं छत कोरडं दिसल्यावर, आणि शेवटचा उतार तपासल्यावर. त्यासाठी बादलीभर पाणी ओता. कोपऱ्यात डबकं राहिलं तर पैसे हातातच ठेवा.