खुलासा : पिकोसीटीएफ खेळणं गुन्हा नाही
पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : 'पिकोसीटीएफ स्पर्धेत मुलांना हॅकिंग शिकवतात, आयटी कायद्यात अडकाल.' तसं नाही. ही संगणक-सुरक्षेची कोडी सोडवण्याची ऑनलाइन स्पर्धा अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये सुरू केली. फी नाही, वय १३ पूर्ण हवं. लेकीशेजारी बसून मी पाहिलं : फोटोच्या फाइलमध्ये दडवलेली, महिरपी कंसातली ओळ शोधायची. तिला 'फ्लॅग' म्हणतात. फोडायला दिलेलं सगळं आयोजकांनीच मांडलेलं असतं. आयटी कायद्याचं कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या उद्योगांना लागतं. इथे परवानगी आहेच. (शेजाऱ्यांच्या वायफायला ही परवानगी लागू नाही, हे मुलांना सांगाच!) तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.