"राज्य सोडायच्या आधी इथेच गाडी घ्या" हा सल्ला सरसकट सगळ्यांना देऊ नका

पुण्यातून बंगलोरला नोकरीसाठी निघालेल्या माणसाला सध्या एकच मेसेज फॉरवर्ड होतोय: जायच्या आधी इकडेच गाडी घ्या, कर्नाटकात रोड टॅक्स जास्त आहे, एमएच पासिंग देशभर चालतं, पुढे नंबर बदलायची वेळ आलीच तर इकडचा टॅक्स परत मिळतो, आणि ही कटकटच नको असेल तर बीएच नंबर (देशभर चालणारा भारत सिरीजचा नंबर) घ्या. यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर लोक विश्वास ठेवतात.

आधी टॅक्स बघू. १२ लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार होतात, कर्नाटकात १७ टक्क्यांनी २ लाख ४ हजार आणि वर सेस (उपकर) वेगळा, त्यामुळे ६० हजारांचा फरक बघून इकडेच उरकून टाकावंसं वाटणारच. पण ते पैसे खरोखर वाचतात ते गाडी वर्षाच्या आत परत येणार असेल तरच. तिकडेच राहिलात तर पुन्हा टॅक्स भरायचाय, गाडीच्या वयाप्रमाणे थोडा कमी, पण मूळ किमतीवर आणि कर्नाटकच्याच दराने.

"एमएच पासिंग देशभर चालतं". चालतं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. आणि कोणी अडवलं तर गाडी कधी आणली हे तुम्हालाच दाखवावं लागतं, त्यामुळे टोलच्या पावत्या, सर्व्हिसची बिलं सांभाळत बसा.

आता रिफंड, इथे सगळ्यात जास्त दिशाभूल होते. "टॅक्स परत मिळतो" ऐकून लोकांना वाटतं की इकडचे पैसे घेऊन तिकडे भरायचे. क्रम उलटा आहे हो. आधी पुण्याच्या आरटीओकडून एनओसी (ना हरकत दाखला), त्यासाठी सगळी चलनं भरलेली हवीत आणि गाडी लोनवर असेल तर बँकेची एनओसी वेगळी, मग कर्नाटकातला टॅक्स खिशातून भरायचा, तिथली नवीन आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) हातात आली की ती घेऊन पुण्यात रिफंडचा अर्ज, आणि तोही पूर्ण नाही, उरलेल्या काळापुरता. नवीन नोकरी, घराचं डिपॉझिट, मुलांच्या शाळेची फी, या सगळ्यात अजून एवढे पैसे अडकवायची ताकद सगळ्यांकडे नसते, आणि दुसऱ्या शहरातून आरटीओच्या मागे लागणं किती जिकिरीचं असतं हे ज्यानी केलंय त्यालाच विचारा. एजंटला दिलं तर त्याचे पैसे वेगळे.

बीएच नंबर चांगला आहे, २०२१ पासून मिळतो, दर २ वर्षांचा टॅक्स भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. पण तो सैन्यातल्या, सरकारी आणि सार्वजनिक कंपन्यांतल्या लोकांना, आणि खासगीत असाल तर कंपनीची ऑफिसं किमान ४ राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत हवीत. छोट्या स्टार्टअपमध्ये असलेल्याला, स्वतःचा धंदा असलेल्याला काय सांगणार तुम्ही? जो बसतो त्याने मात्र जरूर घ्यावा, सारखी बदली होणाऱ्याला याच्यासारखं दुसरं काही नाही.

"शोरूममध्ये तिकडे महाग पडते" असंही कोणीतरी जोडून दिलंय. जीएसटी आल्यापासून म्हणजे २०१७ पासून एक्स-शोरूम (रोड टॅक्स, विमा धरायच्या आधीच्या) किमती सगळीकडे जवळपास सारख्याच आहेत, फरक पडतो तो रोड टॅक्सने.

माझं मत विचाराल तर दोन-तीन वर्षं किंवा जास्त राहायचं नक्की असेल आणि बीएचमध्ये बसत नसाल तर तिकडे जा, भाडेकरार हातात आला की तिकडेच पासिंग करा, तोवर रिक्षा-मेट्रोने भागतं. सहा-आठ महिन्यांचं प्रोजेक्ट असेल किंवा गाडी आईबाबांकडे पुण्यातच राहणार असेल तर मात्र खुशाल इकडेच घ्या.