‘मॅकवाल्यांना काय कळणार’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वेबसाइट बांधायचं जँगो आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) कसं बसवायचं, या माझ्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको, म्हणून ती जशीच्या तशी देतो:

“आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे सगळं म्हणजे चैन आहे, तुमच्यासारख्या मॅकवाल्यांना ते काय कळणार! कंपोज फाइलच्या डोक्यावरची व्हर्जनची ओळ कधीच कालबाह्य झाली. नुसतं डिपेन्ड्स-ऑन लिहून वेब कंटेनर डेटाबेस तयार होईपर्यंत थांबत नाही, हेल्थचेक लागतो. आणि 5432 पोर्ट असं उघडं टाकलं की नेटवर्कवरच्या सगळ्यांना दिसतं.”

व्हर्जनच्या ओळीबद्दल तुमचं बरोबर आहे. नवं कंपोज (फाइल वाचून सगळे कंटेनर एकत्र सुरू करणारं डॉकरचं साधन) ती विचारातच घेत नाही, उलट इशारा छापतं. काढून टाकली. आभार.

आता ते पहिलं वाक्य.

हो, माझ्याकडे मॅक आहे. ऑफिसचा आहे, नोकरी सोडली की परत करायचाय. पण ‘तुमच्यासारख्या’ म्हणजे कुणासारख्या हो? मी कामाला लागलो तेव्हा टेबलावर एक जीबी रॅमचा असेंबल केलेला पीसी होता, त्यावर विंडोज एक्सपी आणि झॅम्प, म्हणजे पीएचपी भाषा, वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच. सर्व्हर मात्र लिनक्सचा. ऑफिसात व्यवस्थित दिसणारी साइट अपलोड केली की ग्राहकाकडे कोरं पांढरं पान, कारण कोडमध्ये ‘हेडर’चा एच स्मॉल आणि डिस्कवर कॅपिटल. वर इकडे पीएचपी 5.3 आणि होस्टिंगवाल्याकडे 5.2. रात्री ग्राहकाच्या शिव्या खाताना खोलीतला प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा, “माझ्याकडे तर चालतंय.” त्या दिवसांतून आलेल्या माणसाला तुम्ही चैनीखोर म्हणताय. डॉकर सगळीकडे एकसारखंच वातावरण देतं; त्याची गरज मला कुठल्या कॉन्फरन्समधल्या भाषणाने पटलेली नाही.

आणि चैन नेमकी कशात आहे? लिनक्सवर कंटेनर म्हणजे काही वेगळा संगणक नव्हे. तुमच्याच कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) चालणारी साधी प्रोसेस असते ती. नेमस्पेस तिला आडोसा देतात, सीग्रुप तिची मेमरी-सीपीयूची मर्यादा ठरवतात. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटासाठी राखलेली मेमरी, मूळ सेटिंगमध्ये 128 एमबी. ब्राउझरमधले दोन जडसे टॅब याहून जास्त खातात, त्याला तुम्ही चैन म्हणत नाही. उबंटू असेल तर डॉकर डेस्कटॉप हे जड अ‍ॅप टाकूच नका, नुसतं इंजिन आणि कंपोज प्लगिन टाका, आठ जीबीत आरामात चालतं.

पैशांचं म्हणत असाल, तर 2021 मध्ये डॉकर डेस्कटॉपचा परवाना बदलला तो मोठ्या कंपन्यांसाठी. एकट्याने शिकणाऱ्याला आजही फुकट आहे.

विंडोजवर अडतं, हे खरं. तिथे डब्ल्यूएसएल 2 चं (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला नकली संगणक, मध्ये येतं आणि त्याला मूळ सेटिंगमध्ये निम्म्या रॅमपर्यंत मुभा असते. म्हणजे आठातले चार तिकडे. पण युजर फोल्डरमध्ये डॉट-डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइल करून मेमरी तीन जीबीवर बांधता येते. आणि कोड सी ड्राइव्हवर ठेवून डॉकरला नावं ठेवू नका. तो लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. सी ड्राइव्हवरच्या फाइली कंटेनरला फार संथ वाचता येतात, मग सगळंच रखडतं आणि लोक लेखकाला शिव्या देतात.

गंमत म्हणजे, ज्या मॅकचा तुम्हाला इतका राग आहे, त्यावरही लिनक्सचं कर्नल नाही. तिथेही व्हर्च्युअल मशीनच. व्हर्चिओएफएस (मॅकच्या फाइली त्या मशीनला वेगाने देणारी पद्धत) येण्याआधी बाइंड माउंट केलेल्या, म्हणजे मॅकवरचा फोल्डर थेट कंटेनरला जोडलेल्या, प्रोजेक्टमध्ये टेस्ट लावून आम्ही चहाला जायचो. तेव्हा मॅकवाल्यांनाही कळतं बरं का, थोडंफार.

उरलं डिपेन्ड्स-ऑन, म्हणजे ‘आधी डेटाबेस सुरू कर, मग वेब’ ही कंपोज फाइलमधली सूचना. पहिल्या वेळी पोस्टग्रेस आपली डेटा डिरेक्टरी तयार करत असतो, तोवर वेब कंटेनर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणून पडतो. पुन्हा कंपोजची ‘अप’ कमांड द्या, चालतं. लेख नवशिक्यांसाठी आहे, पहिल्याच पानावर हेल्थचेकचं पीजी-इझरेडी (पोस्टग्रेस तयार आहे का, हे विचारणारी कमांड), इंटरव्हल आणि रिट्राइज मांडून बसलो असतो तर वाचलं असतं कुणी? ‘सर्व्हिस हेल्दी’ची, म्हणजे हेल्थचेक पास झाल्यावरच वेब सुरू करायची, अट घालता येते हे मला ठाऊक नाही, असं तुम्ही गृहीत धरलंत, हे जास्त खटकलं.

पोर्टचं, म्हणजे पोस्टग्रेसशी जोडायच्या 5432 या दाराचं, तर काय बोलू. तुमच्या घरच्या वायफायवर कोण बसलंय चाचणीचा डेटाबेस बघायला? कॉलेजच्या किंवा कॅफेच्या नेटवर्कवर असाल तर पोर्टच्या आधी 127.0.0.1 (फक्त स्वतःच्या संगणकाचा पत्ता) लावा, झालं.

पंगतीत पोटभर जेवून उठताना आचाऱ्याला नावं ठेवणारे मी बरेच पाहिलेत. फाइल तुम्ही चालवून बघितली आहे, हे उघड आहे, नाहीतर व्हर्जनचा इशारा तुम्हाला दिसलाच नसता. ती कामाची वाटली की नाही, त्यावर चकार शब्द नाही.

प्रतिक्रिया उडवणार नाही, तसा माझा स्वभाव नाही. लेख त्या एका ओळीपुरता बदललाय, बाकी आहे तसा राहील. आणि पुढच्या वेळी ‘एक वाचक’ नको, नाव लिहा.