स्वस्त रेग्युलेटरवरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

स्कूबा डायव्हिंगच्या सामानावर कुठे पैसे वाचवता येतात, या माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत आणि एक टोमणा. श्वास ज्याच्यावर चालतो तिथे पैसे वाचवायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, हा पहिला. महागड्या डाइव्ह कॉम्प्युटरला (पाण्यातली खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) मी चैन म्हटलं ते चूक, हा दुसरा. भाड्याचं सामान वापरा म्हणणाऱ्याने आपल्या किनाऱ्यावरचं भाड्याचं सामान पाहिलेलंच नाही, हा तिसरा. आणि शेवटी, "मग ऑनलाइन मिळणारी हातपंपाची अर्ध्या लिटरची टाकीही घ्यायची का?" तिसऱ्या आक्षेपात बरंच तथ्य आहे. पहिले दोन पटले नाहीत.

आधी रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाला योग्य दाबाने देणारं साधन. युरोपात विकायचा तर त्याला ईएन 250 या युरोपीय मानकाची चाचणी पार करावीच लागते, मग तो कंपनीचा सगळ्यात स्वस्त नमुना असो की सगळ्यात महाग. चाचणीचं यंत्र मिनिटाला 25 श्वास घेतं, प्रत्येक अडीच लिटरचा, म्हणजे मिनिटाला 62.5 लिटर. खोली 50 मीटर, टाकीत उरलेला दाब जेमतेम 50 बार. या अवस्थेत लिटरमागे श्वासाचे श्रम 3 ज्यूलच्या वर गेले की तो नापास. 50 मीटरवर एकूण दाब 6 बार असतो, म्हणून पृष्ठभागाच्या हिशेबाने ही मागणी मिनिटाला 375 लिटर होते. आता ओपन वॉटर डायव्हरचं, म्हणजे प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्याचं, गणित मांडा. मर्यादा 18 मीटर, दाब 2.8 बार, मिनिटाला 20 लिटर हवा लागणारा माणूस: 56 लिटर. घाबरून तिप्पट ओढायला लागला तरी 168. स्वस्त आणि प्रमाणित रेग्युलेटर इथे कमी पडत नाही.

मात्र लेखात 'स्वस्त' म्हणजे प्रमाणित कंपनीचा प्राथमिक नमुना, हे तिथे स्पष्ट लिहिलं आहे. अंगावर ईएन 250 कोरलेलं नाही, सुटे भाग कुठे मिळतात ते विक्रेत्याला सांगता येत नाही, असा बिननावाचा सेट कितीही स्वस्तात मिळाला तरी नको. कोरलेल्या अक्षरांत '>10°C' दिसलं तर तो थंड पाण्यासाठी तपासलेला नाही एवढाच अर्थ. मालवण, ग्रँड आयलंड (गोवा), नेत्राणी (कर्नाटक) किंवा अंदमानला त्याने काहीच बिघडत नाही.

महागातला फरक खरा कुठे पडतो? प्राथमिक नमुन्यांची फर्स्ट स्टेज (टाकीला जोडायचा भाग) बहुधा अनबॅलन्स्ड पिस्टनची असते. टाकीतली हवा थेट पिस्टनच्या सीटवर (हवेची वाट बंद करणारी बैठक) दाब देत असते, त्यामुळे टाकी रिकामी होत जाते तसा मधला दाब (फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या हवेचा) साधारण एक-दोन बारने उतरतो. 12 मीटरवर हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. 35 मीटरवर, टाकीत 60 बार उरलेले, आणि जोडीदारही तुमच्याच ऑक्टोपसवर (जोडीदारासाठी ठेवलेला तोंडात धरायचा जादा भाग), अशा वेळी श्वास जड लागतो. तेव्हा ज्याला नियमित 30 मीटरखाली जायचं आहे त्याने बॅलन्स्डच (टाकी रिकामी होत गेली तरी मधला दाब टिकवणारा) घ्यावा. तिथे पैसे वाचवू नयेत, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

पण महाग म्हणजे आपल्या पाण्याला योग्य, असं गृहीत धरू नका. स्कूबाप्रो या कंपनीचीच तीन मॉडेल घ्या. एमके-2 अनबॅलन्स्ड पिस्टन, एमके-17 सीलबंद डायफ्राम (पिस्टनऐवजी लवचीक पडदा), एमके-25 बॅलन्स्ड पिस्टन. एमके-25 हवा भरपूर देतो, पण त्याच्या स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचं पाणी खेळतं. कोकणच्या गढूळ पाण्यातला गाळ आणि मीठ तिथे बसतं, आणि नीट धुतलं नाही तर ओ-रिंग व पिस्टनवर घासत राहतं. एमके-17 मध्ये तो कप्पाच बंद. तारकर्लीला वर्षभर वापरायचा असेल तर मी सीलबंद डायफ्राम घेईन आणि वरच्या मॉडेलचे पैसे खिशात ठेवीन.

माझा मुख्य मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेत निसटला आहे. रेग्युलेटर बिघडतो तो बहुतेक वेळा देखभाल न झाल्याने, आणि देखभालीला भाग व तंत्रज्ञ लागतो. सीट झिजली की मधला दाब (साधारण 9 ते 10 बार) एका जागी थांबत नाही, हळूहळू चढत राहतो, आणि शेवटी सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) फसफसायला लागते. घरी ओळखायचं तर टाकी जोडून व्हॉल्व्ह उघडा, दोन-तीनदा पर्ज (सेकंड स्टेजवरचं हवा सोडणारं बटण) दाबा, मग दहा मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात सूं आवाज सुरू झाला तर सीट संशयास्पद. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी बारीक जाळीचा धातूचा फिल्टर असतो, तोही पाहा. हिरवट म्हणजे आत खारं पाणी गेलंय, तांबूस म्हणजे कुठल्यातरी स्टीलच्या टाकीतला गंज. आणि पाणी जातं कसं, तर बहुतेक वेळा धुताना: डस्ट कॅप न लावता बुडवलं, किंवा दाब नसताना पर्ज दाबलं. त्याला किंमत जबाबदार नाही.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: या मॉडेलचं सर्व्हिस किट भारतात कोण ठेवतं, आणि कंपनीचं प्रशिक्षण घेतलेला माणूस कुठे बसतो? उत्तर 'परदेशी पाठवावं लागेल' असेल, तर बहुतेक जण 'पुढच्या सीझनला बघू' म्हणतात, आणि मग तो महागडा रेग्युलेटर सर्व्हिस केलेल्या एमके-2 पेक्षा वाईट अवस्थेत पाण्यात उतरतो. टायटॅनियमचं आकर्षण असेल तर एक लक्षात ठेवा: 40 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाला ते वापरत नाहीत. पितळाला, तशी साफसफाई करून घेतली तर, ही अडचण नसते.

कॉम्प्युटरचं थोडक्यात. खोली आणि वेळ मोजण्याला ईएन 13319 हे मानक आहे आणि क्रेसी लिओनार्दोसारखा एका बटणाचा साधा कॉम्प्युटरही 18 मीटर 18 च दाखवतो. जास्तीचे पैसे रंगीत पडदा, टाकीचा दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर आणि ग्रेडियंट फॅक्टर (वर येण्याच्या गणितातली सुरक्षेची मर्यादा) बदलण्याची सोय यांचे. डीकॉम्प्रेशन डाइव्ह (वर येताना थांबे घ्यावेच लागतात अशी) करणाऱ्याला शेवटची सोय हवीच. 40 मिनिटं प्रवाळावर फिरणाऱ्याला नाही. उलट बॅटरी पाहा. लिओनार्दोची सीआर-2430 घड्याळवाल्याकडे मिळते आणि स्वतः बदलता येते. फक्त ओ-रिंगवर केसही राहू देऊ नका, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. जोडीदाराचा कॉम्प्युटर वेगळ्या गणिताचा असेल तर दोघांपैकी आधी वर बोलावणाऱ्याचं ऐकायचं.

आता भाड्याचं सामान. इथे तुमची तक्रार रास्त आहे, पण त्यावर उपाय स्वतःचा सेट विकत घेणं एवढाच नाही. होडीवर चढण्याआधी पाच मिनिटं द्या. व्हॉल्व्ह बंद असताना सेकंड स्टेजमधून ओढून पाहा, काहीच यायला नको. आलं तर डायफ्राम किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. माऊथपीस फाटलंय का, त्याची झिप टाय जागेवर आहे का, पाहा. मग टाकी उघडून दाबाच्या काट्यावर नजर ठेवत चार-पाच खोल श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडलाय किंवा फिल्टर तुंबलाय. योक (टाकीच्या व्हॉल्व्हवर शिकंज्यासारखी आवळायची जोडणी) असेल तर टाकीच्या व्हॉल्व्हवरची ओ-रिंग बोटाने चाचपा. बीसीडी (हवेने फुगणारं जाकीट) पूर्ण फुगवून ठेवा, काही मिनिटांत मऊ पडायला नको. इन्फ्लेटरचं (त्यात हवा भरणारं) बटण दाबून सोडा. मिठाने अडकलेलं बटण हवा भरतच राहतं आणि माणूस वेगाने वर जातो. पाण्यात असं झालं तर आधी लो-प्रेशर होज (इन्फ्लेटरला हवा देणारी नळी) काढायची, सोबत डम्प व्हॉल्व्हने हवा सोडायची. म्हणून ती होज एका हाताने निघते का, हे किनाऱ्यावरच करून पाहा. काही खटकलं तर दुसरा सेट मागा. केंद्र देत नसेल तर त्या दिवशी उतरू नका.

मास्क मात्र भाड्याचा नको. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा, टिकला पाहिजे. स्कर्ट सिलिकॉनचा, काचेवर 'टेम्पर्ड' लिहिलेलं. किंमत याच्यापुढे गौण. नव्या काचेवरचा थर पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर धुकं जाणार नाही.

टोमण्याचं उत्तर: नाही, घेऊ नका. अर्धा लिटर गुणिले 200 बार म्हणजे 100 लिटर हवा. 5 मीटरवर मिनिटाला 30 लिटर लागतात, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आत संपली. हातपंपाला कॉम्प्रेसरसारखी गाळण आणि ओलावा काढायची सोय नसते. आणि घेणाऱ्याने बहुधा प्रशिक्षण घेतलेलं नसतं. हवा संपताच तो श्वास रोखून वर येतो, आणि भरलेलं फुप्फुस फाटायला दीड मीटरसुद्धा पुरतं.